अंगण खरंच वाकडं असेल तर?

‘नाचता येईना अंगण वाकडं’ ही म्हण तुम्हीही लहानपणापासून ऐकली असेल. ऐकली म्हणजे बहुधा ऐकून घेतली असेल. कंपासमधली पेन्सिल सैल आहे म्हणून वर्तुळ जुळत नाही असं म्हटलं, की ही म्हण. पेटीचा एक सूर दबूनच राहतो म्हटलं, की पुन्हा हीच म्हण. या म्हणीची एक गंमत आहे. तिच्यात अंगण मोजायला कोणी जात नाही. नाचणारीनं तक्रार केली, एवढाच तिच्याविरुद्धचा पुरावा आणि तेवढ्यावर निकाल लागतो. अंगण खरोखरच वाकडं असू शकेल, या शक्यतेला म्हणीनं आत येऊच दिलेलं नाही.

मला त्या शक्यतेबद्दल लिहायचं आहे. आपलं काम बिघडतं तेव्हा दोष हाताचा की हत्याराचा, हे प्रामाणिकपणे कसं ठरवायचं? प्रश्न जुना आहे आणि तो नुसता हवेत ठेवला तर त्यावर रात्रभर गप्पा होतात, उत्तर मिळत नाही. म्हणून मी तो एका साध्या वस्तूवर उतरवते. ती वस्तू म्हणजे संगणकावर चित्रं काढण्यासाठी वापरतात तो स्वस्तातला ग्राफिक्स टॅब्लेट.

परदेशातल्या मराठी घरांत हा टॅब्लेट कधी ना कधी येतोच. मंडळाच्या गणेशोत्सवाचं पत्रक करायचं असतं, दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ करायचं असतं, रविवारच्या मराठी शाळेसाठी गिरवायच्या अक्षरांचे कागद तयार करायचे असतात, नाहीतर मुलीला ॲनिमेशन शिकायचं असतं. मी जर्मनीत पोस्टडॉक करते. पेशींमध्ये काय घडतं याच्या आकृत्या शोधनिबंधांसाठी काढणं हा माझ्या कामाचाच एक भाग आहे. दर दोन-तीन वर्षांनी करार संपला की शहर बदलायचं, सामान विमानाच्या २३ किलोंत बसवायचं, अशा आयुष्यात पाव किलोच्या आसपास वजनाची ही काळी पाटी सोयीची पडते. कोणता टॅब्लेट घ्यावा, हे मला बरेच जण विचारतात. त्या विचारण्यात नेहमी दुसरा एक प्रश्न दडलेला असतो. साधा घेतला आणि चित्र जमलं नाही, तर ते साध्या टॅब्लेटमुळे असेल का?

आधी वस्तू ओळखून घेऊ. साध्या टॅब्लेटवर काहीच उमटत नाही. तुम्ही पाटीवर पेन फिरवता आणि रेघ समोरच्या पडद्यावर दिसते. पाटीच्या आत तारांच्या वेटोळ्यांची जाळी असते. ती विद्युतचुंबकीय लहरी सोडते, पेनातलं छोटं वेटोळं त्यांना प्रतिसाद देतं आणि पेन नेमकं कुठे आहे हे पाटीला कळतं. टोक दाबलं की त्या प्रतिसादाची वारंवारता किंचित बदलते, त्यावरून दाब कळतो. पेनाला बॅटरी लागत नाही ती यामुळे. १९८३ साली सुरू झालेली जपानी वेकॉम कंपनी या तंत्रासाठी प्रसिद्ध आहे. आता ह्युऑन, एक्सपी-पेन या चिनी कंपन्याही बिनबॅटरीच्या पेनाचे टॅब्लेट विकतात आणि त्यांतले लहान टॅब्लेट साधारण ४०-५० युरोंत येतात. भारतात तीन-चार हजार रुपयांत. दुसऱ्या टोकाला, पडद्यावरच थेट रेघ उमटणारे मोठे टॅब्लेट आहेत, किंवा आयपॅड प्रो आणि त्याची पेन्सिल आहे. तिथे हजार युरो सहज ओलांडले जातात.

या दोन टोकांमध्ये निवड कशी करायची? आपल्या आईवडिलांच्या पिढीला एकच प्रश्न पुरत असे. परवडतं का? ऐपत हीच चाळणी होती आणि तिच्यातून जे खाली पडेल ते घरात येई. परदेशी पगार सुरू झाला की ही चाळणी फाटते. हजार युरो जड जातात, पण अशक्य वाटत नाहीत. मग मन दुसऱ्या प्रश्नाकडे वळतं, आवडतं का? आणि आवडायला काय, दुकानातली प्रत्येक चकचकीत वस्तू आवडतेच. तिसरा प्रश्न मात्र विचारायची आपल्याला सवय लागलेली नाही, कारण आधी त्याची गरज नव्हती आणि नंतर सवड नव्हती. पुरतं का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं नुसत्या ‘हो’ किंवा ‘नाही’नं देता येतात. तिसऱ्याचं देता येत नाही. पुरतं का म्हटलं की लगेच कोणीतरी विचारणार, कशाला? म्हणजे आपल्याला करायचं काय आहे, हे आधी सांगता यायला हवं. तेच तर अजून ठरलेलं नसतं. म्हणून आपण ती जबाबदारी खोक्यावरच्या आकड्यांवर सोडतो.

ते आकडे जरा पाहू. वेकॉमच्या इन्ट्युओस टॅब्लेटवर दाबाच्या ४०९६ पायऱ्या आहेत असं लिहिलेलं असतं. त्याहून स्वस्त असलेल्या ह्युऑनच्या एच६४०पीवर ८१९२ लिहिलेलं असतं. नव्या काही टॅब्लेटांवर १६३८४. आकडा दुप्पट झाला म्हणून रेघ दुप्पट चांगली येत नाही, कारण आपल्या बोटांना दाबाच्या आठ हजार वेगवेगळ्या पायऱ्या ठरवून चढता-उतरता येत नाहीत. हाताला जाणवतं ते वेगळंच असतं. टोक किती हलक्या स्पर्शाला जागं होतं आणि दाब वाढवत गेलं की रेघ किती सावकाश जाड होते, हे महत्त्वाचं. खोक्यावर याचा पत्ता नसतो. ड्रायव्हरमध्ये दाबाची एक वक्ररेषा असते, ती आपल्या हाताप्रमाणे वाकवून घ्यावी लागते. दुसरा आकडा असतो ५०८० एलपीआय, म्हणजे इंचाला ५०८० ओळी. हिशोब केला तर मिलिमीटरला २०० ओळी. एच६४०पीची चित्र काढायची जागा १६० मिलिमीटर रुंद आहे. ती १९२० पिक्सेलांच्या पडद्यावर पसरली की एका मिलिमीटरच्या वाट्याला १२ पिक्सेल येतात. पडद्यावर जे दिसणारच नाही तेही हा टॅब्लेट मोजू शकतो. स्वस्तातल्या टॅब्लेटला आकड्यांची अडचण नाही, ही या शर्यतीतून कळणारी गोष्ट.

त्यातून तुम्हाला देवनागरी अक्षरं काढायची असतील, तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. आपलं सुलेखन बोरूतून आलं आहे. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं आणि अक्षरातला जाड-बारीकपणा त्या कापाच्या कोनातून येतो. हात दिशा बदलतो तशी रेघ आपोआप जाड किंवा बारीक होते. दाबाचं त्यात फारसं काम नाही. क्रिटासारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये (स्वीडिश भाषेत ‘क्रिटा’ म्हणजे खडू) चपटा ब्रश घेऊन त्याचा कोन पक्का करून ठेवला, तर दाबाची एकही पायरी न वापरता मंडळाच्या पत्रकावर झकास ‘श्री’ काढता येतो. म्हणजे ज्या आकड्यासाठी आपण जास्त पैसे मोजायला निघालो होतो, तो आपल्या कामाला लागतच नाही. ‘कशाला?’ या प्रश्नाचं उत्तर आधी दिलं असतं तर हे दुकानात जाण्यापूर्वीच कळलं असतं.

इथवरचं सगळं म्हणीच्या बाजूनं झालं. टॅब्लेट पुरेसा आहे, आता नाचून दाखवा. पण थांबा.

आमच्या गावात मराठी शाळा चालवणारी एक बाई आहे. पंचवीस वर्षं जर्मनीत राहिलेली, मुलांसाठी गिरवायचे कागद हातानं करणारी. तिनं असाच एक लहान टॅब्लेट घेतला. आठ दिवसांनी भेटली तेव्हा खट्टू होती. म्हणाली, माझं अक्षर गेलं गं. ‘ठ’ काढला तर अंड्यासारखा येतो, ‘ट’ बसका येतो. इतकी वर्षं रोज मराठी लिहिलं नाही, हात विसरला असणार. तिनं निकाल देऊन टाकला होता आणि तो स्वतःच्या विरुद्ध दिला होता. त्या निकालात टॅब्लेटपेक्षा बरंच काही होतं. देश सोडल्याचं, मुलांशी जर्मन बोलल्याचं, सगळं त्या अंड्यासारख्या ‘ठ’मध्ये येऊन बसलं होतं.

खरी गोष्ट अशी होती. तिच्या पाटीची जागा १६० बाय १०० मिलिमीटर, पडदा १९२० बाय १०८० पिक्सेल. पाटीचा पूर्ण आडवा भाग पडद्याच्या पूर्ण रुंदीवर ताणला की मिलिमीटरला १२ पिक्सेल पडतात. उभा भाग ताणला की मिलिमीटरला १०.८ पडतात. हातानं पाच सेंटिमीटरचं अगदी नेमकं वर्तुळ काढलं तरी पडद्यावर ते ६०० पिक्सेल रुंद आणि ५४० पिक्सेल उंच येणार. आडवं अंडंच. हातात काही बिघाड नव्हता. ड्रायव्हरमध्ये प्रमाण सारखं राखण्याची एक खूण असते, ती केली की पाटीचा उभा भाग १०० ऐवजी ९० मिलिमीटर वापरला जातो. आणि ‘ठ’ गोल येतो. दोन पडदे जोडलेले असतील आणि पाटी दोन्हींवर पसरलेली असेल, तर वर्तुळ उंचीच्या दुपटीहून जास्त रुंद होतं. तिथे तर निदान शंका तरी येते. दहा टक्क्यांच्या वाकडेपणाची शंका येत नाही, माणूस स्वतःलाच दोष देतो.

अंगण वाकडं होतं. मोजल्यावर ते सिद्ध झालं. पण एवढ्यावर गोष्ट संपत नाही. खूण केल्यावरही तिचा ‘ळ’ डळमळीतच येत राहिला. तो मात्र टॅब्लेटचा दोष नव्हता. नजर पडद्यावर आणि हात टेबलावर, ही फारकत मेंदूला अंगवळणी पडायला दिवस लागतात, काहींना दोन-तीन आठवडेही लागतात. सायकल शिकताना डोळे चाकाकडून काढून रस्त्यावर न्यावे लागतात, तसंच काहीसं. म्हणजे दोष हाताचा की अंगणाचा या दोन पर्यायांत एक तिसरा मिसळलेला असतो. हात वाईट नाही, अंगणही सरळ आहे, पण दोघांची अजून ओळख झालेली नाही. त्याला दोष म्हणायचं कारण नाही, आणि पैसे खर्चून ही ओळख लवकर करून घेता येत नाही.

हे तिन्ही वेगळे कसे काढायचे, याच्या साध्या चाचण्या आहेत. पाटीवर एक प्लॅस्टिकची पट्टी तिरकी ठेवा आणि तिला धरून अगदी सावकाश रेघ ओढा. पट्टी धातूची नको, ती चुंबकीय क्षेत्रात लुडबुड करते आणि मग मापच खोटं होतं. रेघ गुळगुळीत करणारी सोय, जिला स्टॅबिलायझर म्हणतात, ती आधी बंद करा. पट्टी लावूनही रेघ ठरावीक अंतरानं लाटा घेत असेल, तर दोष टॅब्लेटचा. स्वस्तातल्या काही टॅब्लेटांत तो असतो. पट्टीनं सरळ येते आणि पट्टीविना डगमगते, तर हाताला सराव हवा. कागदावर बॉलपेननं तीच रेघ सरळ येत असेल, तर नुसती ओळख व्हायची आहे, थोडे दिवस द्या. दाब मुळीच कळत नसेल, सगळ्या रेघा एकाच जाडीच्या येत असतील, तर हाताला बोल लावण्याआधी ड्रायव्हर आणि विंडोज इंकची खूण तपासा. आणि एकदा तेच पेन दुसऱ्या कोणाच्या तरी हातात देऊन पाहा. प्रयोगशाळेत आम्ही यालाच कंट्रोल म्हणतो. त्याच अंगणात दुसरीला नाचवून बघायचं आणि त्याच नाचणारीला दुसऱ्या अंगणात नेऊन बघायचं.

स्टॅबिलायझर बंद करायला सांगितलं त्यामागे आणखी एक कारण आहे. तो वाईट नाही, मीही आकृत्यांमध्ये वापरते. पण तो हाताची थरथर आणि टॅब्लेटच्या लाटा दोन्ही एकाच वेळी पुसून टाकतो. काम करताना ते चालतं. निवाडा करताना पुरावा पुसलेला चालत नाही.

आता म्हणीचे पाठीराखे म्हणतील, खरा कलावंत कशावरही चित्र काढतो, हत्याराचं कौतुक कशाला? या वाक्याची मला भीती वाटते, कारण ते बोलणाऱ्याकडे बहुतेक वेळा चांगलं हत्यार असतं. समाधानाचा उपदेश ज्यांच्याकडे निवड नाही त्यांनाच जास्त केला जातो. इथे मला सान्तियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाची आठवण येते. मेंदूतल्या पेशींच्या त्याच्या शाईच्या आकृत्या आजही पाठ्यपुस्तकांत छापतात. त्याला लहानपणी चित्रकार व्हायचं होतं आणि वडिलांनी, जे डॉक्टर होते, ते होऊ दिलं नाही. तरुणपणी त्यानं फ्रेंच बनावटीचा एक सूक्ष्मदर्शक हप्त्यांनी विकत घेतला आणि वर्षानुवर्षं त्यावर काम केलं. १८८५ मध्ये कॉलऱ्याच्या साथीत केलेल्या कामाबद्दल सारागोसाच्या प्रांतिक मंडळानं त्याला झाइसचा सूक्ष्मदर्शक भेट दिला. दोनच वर्षांनी, १८८७ मध्ये, माद्रिदमध्ये त्यानं इटालियन शास्त्रज्ञ कामिल्लो गोल्जीच्या पद्धतीनं रंगवलेल्या पेशी पाहिल्या आणि तिथून त्याचं सगळ्यात मोठं काम सुरू झालं.

ही गोष्ट दोन्ही बाजूंना थोडी थोडी गैरसोयीची आहे. हत्यार महत्त्वाचं नाही म्हणणाऱ्यांना झाइसची भेट अडचणीची वाटेल, कारण चांगल्या भिंगानं त्याला मदत केलीच असणार. आणि हत्यारच सगळं करतं म्हणणाऱ्यांना गोल्जी अडचणीचा आहे. तीच रंगवायची पद्धत, जी गोल्जीनं स्वतः शोधली, ती वापरून गोल्जीला मेंदू म्हणजे एक सलग जाळं दिसलं आणि काहालला सुट्या सुट्या पेशी दिसल्या. १९०६ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं आणि तोवरही त्यांचं एकमत झालेलं नव्हतं. मला या गोष्टीतून एवढंच घ्यायचं आहे, की झाइस आला तेव्हा काहालची आधीच्या सूक्ष्मदर्शकावर अनेक वर्षं गेलेली होती. नवं भिंग काय जास्त दाखवतं, हे ओळखायला जुन्या भिंगाची हद्द माहीत असावी लागते.

‘पुरतं का’ या प्रश्नाची कसोटी मला इथे दिसते. घोडं नेमकं कुठे पेंड खातं, हे सांगता आलं पाहिजे. ‘हा टॅब्लेट चांगला नाही’ हे सांगणं झालं नाही. ‘लहान पाटीवर लांब वळण काढताना फक्त मनगट फिरतं आणि तासाभरानं ते दुखतं, कोपरातून हात फिरवायला मोठी जागा हवी,’ हे सांगणं झालं. ‘मी दिवसाला आठ तास ॲनिमेशन करते, पडदा आणि हात यांतल्या फारकतीमुळे प्रत्येक चौकटीला वेळ जातो,’ हेही झालं. असं सांगता येणाऱ्यानं खुशाल खर्च करावा आणि मनात अपराधी वाटून घेऊ नये. शरीराचं दुखणं असेल तर त्यानं वाटही पाहू नये, दुखणाऱ्या मनगटाला साधेपणाचं कौतुक नसतं. मात्र पडद्याचा टॅब्लेट घेतला तर मान खाली घालून बसावं लागतं आणि दुखणं मनगटातून मानेत जाऊ शकतं, हेही हिशोबात धरावं.

स्वस्त वस्तूच्या बाजूनं एक गोष्ट आकड्यांत बसत नाही, ती सांगते. आपल्या घरांतल्या शोकेसमधले कप आठवा. पाहुण्यांसाठी ठेवलेले, पाहुण्यांनाही न दिलेले. महागडं हत्यार घरात आलं की त्याचा शोकेसमधला कप व्हायला वेळ लागत नाही. भारतात कॉलेजात जाणाऱ्या भाच्याला मावशीनं हजार युरोंचा टॅब्लेट पाठवला, तर त्यावर काढलेल्या प्रत्येक चित्राला हजार युरोंच्या तोडीचं व्हावं लागतं. तो जपून वापरतो, पुसून ठेवतो आणि वाईट चित्रं काढायला घाबरतो. वाईट चित्रं काढल्याशिवाय तर चांगली येत नाहीत. चार हजारांच्या पाटीवर ओरखडे पडले तरी चालतात, टोक झिजून चपटं झालं तरी नवं बसवता येतं, बहुतेक खोक्यांत जादा टोकं दिलेलीच असतात. पाठवायचंच असेल तर असं काही पाठवावं जे खराब व्हायची त्याला भीती वाटणार नाही. आणि पाठवण्याआधी त्याच्या संगणकावर ड्रायव्हर चालतो ना, हे विचारून घ्यावं. नवी सिस्टिम आली आणि कंपनीनं ड्रायव्हर दिला नाही, की स्वस्त पाटीचा कचरा होतो, आणि ती किंमत खोक्यावर लिहिलेली नसते.

एवढं सगळं एका टॅब्लेटसाठी का, असं तुम्ही विचाराल. विचारायलाच हवं.

ही म्हण सगळ्यांना सारखी लागू होत नाही, असं मी पाहत आले आहे. प्रयोगशाळेत नवा विद्यार्थी म्हणाला, की सूक्ष्मदर्शकातलं चित्र हळूहळू सरकतं, तर त्याला सांगतात, आधी नमुना नीट बसवायला शिक. तेच एखादे ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, की दुरुस्तीवाल्याला फोन जातो. अंगण वाकडं आहे हे म्हणायचा अधिकार हुद्द्याप्रमाणे मिळतो. घरात मुलांना तो नसतो. ऑफिसात नव्यांना नसतो. आणि परदेशात आपल्याला तो आहे की नाही, याची आपल्यालाच खात्री नसते.

तुम्ही परक्या देशात राहता, म्हणजे हा प्रश्न तुम्हाला टॅब्लेट न घेताही पडलेला आहे. मुलाखत चांगली होऊनही नोकरी मिळाली नाही. ती माझ्या तयारीमुळे गेली, की नावामुळे? बैठकीत माझं बोलणं मध्येच तोडलं गेलं. ते माझ्या उच्चारामुळे, की तिथे सगळ्यांचंच बोलणं तोडतात? आपल्याकडे या प्रश्नाला दोन तयार उत्तरं आहेत आणि दोन्ही मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत ऐकू येतात. एक जण म्हणतो, इथले लोक आपल्याला वर येऊच देत नाहीत. दुसरा म्हणतो, मेहनत केली की सगळं मिळतं, मला मिळालं. पहिल्यानं नाच पाहिलेला नसतो, दुसऱ्यानं अंगण. मोजलं दोघांनीही नसतं.

इथे प्लॅस्टिकची पट्टी लावून चालत नाही, हे मला कबूल आहे. माणसांच्या वागण्याला ड्रायव्हर नसतो आणि खूण करून प्रमाण सारखं करता येत नाही. तरी टॅब्लेटवर केलेल्या चाचण्यांमधलं थोडं तिथे नेता येतं. घोडं कुठे अडलं ते नेमकं सांगायचं, ‘माझं काही खरं नाही’ असं मोघम म्हणायचं नाही. त्याच अंगणात नाचणाऱ्या दुसऱ्यांना विचारायचं. उच्चाराबद्दल फक्त मलाच बोलतात की परक्या प्रत्येकाला बोलतात, हे चार जणांशी मोकळेपणानं बोलल्याशिवाय कळत नाही, आणि लाजेमुळे नेमकं तेच बोलणं राहून जातं. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची. आणि नव्यानं आलेल्या माणसाला थोडे दिवस द्यायचे, कारण ओळख व्हायची बाकी असणं हा ना त्याचा दोष ना देशाचा. एवढं करून उत्तर मिळेलच असं नाही. पण शाळेतल्या त्या बाईसारखं न मोजता स्वतःला दोषी ठरवणं तरी टळेल. आणि न मोजता जगाला दोषी ठरवणंही.

टॅब्लेटपुरतं विचाराल तर माझं सांगणं थोडक्यात असं आहे. सुरुवातीला पडद्याविनाचा, बिनबॅटरीच्या पेनाचा, साधा टॅब्लेट घ्या. टेबलावर जागा असेल तर अगदी लहान घेऊ नका, मनगटाबरोबर कोपरही हलू द्या. पहिल्या दिवशी प्रमाणाची खूण करा आणि एक वर्तुळ काढून पाहा. क्रिटा मोफत आहे, आकृत्यांसाठी इंकस्केपही मोफत आहे, त्यामुळे सॉफ्टवेअरचं वर्षाचं भाडं लगेच सुरू करायची घाई नको. तीन महिने वापरा आणि शेजारी एक वही ठेवा. जिथे अडलं तिथे त्या दिवशीच एक ओळ लिहा, अडलं काय आणि चाचणी केल्यावर दोष कोणाचा निघाला. तीन महिन्यांनी ‘टॅब्लेट’ या नावापुढे चार-पाच नेमक्या ओळी जमल्या असतील, तर त्या ओळी घेऊन दुकानात जा. कोणता महागडा टॅब्लेट घ्यायचा हे त्याच सांगतील. ओळी ‘सराव’ या नावापुढे जमल्या असतील, तर हजार युरो वाचले. वहीत काहीच नसेल, तर टॅब्लेट कपाटात आहे का ते पाहा.

आणि घरात मूल असेल, ते कधी येऊन म्हणालं, की हे पेन नीट चालत नाही, तर म्हण ओठांवर येईल, ती येऊ द्या. पण उच्चारण्यापूर्वी त्याच्या हातातलं पेन मागून घ्या, खुर्चीवर बसा आणि स्वतः एक रेघ ओढून पाहा.